चार ऑगस्टची रात्र

मनुष्य एकटा असतां जें करील तेंच तो चारचौघांत बसला असतां करील असें नाहीं, ही गोष्ट घरोघरीं अनुभवाची आहे. लग्नाच्या बैठकींत हातचें राखून बोलणारा गृहस्थ मंडळी रंगांत आली म्हणजे ऐपतीबाहेरचा आकडा बोलून जातो. वर्गणीची यादी फिरूं लागली म्हणजे वरच्या नांवापुढील रक्कम पाहून खालचा मनुष्य आपली रक्कम ठरवितो. आणि घरीं परतल्यावर दोघेहि हिशेबाची वही उघडून बसतात. परंतु सुमारें बाराशें माणसांची एक सभा एका रात्रींत शेंकडों वर्षांचे हक्क टाळ्यांच्या गजरांत टाकून देते, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच सभा वही उघडून बसते, असा प्रसंग जगाच्या इतिहासांत विरळा. तो फ्रान्समध्यें, पॅरिसजवळील व्हर्साय येथें, १७८९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या तारखेस रात्रीं घडला.

त्या सभेंत कोण बसलें होतें हें प्रथम पाहिलें पाहिजे. खजिना रिकामा झाल्यामुळें सोळाव्या लुई राजानें धर्मगुरु, सरदार व सामान्य जन या तीन वर्गांचे प्रतिनिधि त्या वर्षीं मे महिन्यांत बोलाविले होते. १६१४ नंतर अशी सभा भरलीच नव्हती. जूनमध्यें तिसऱ्या वर्गानें आपणच राष्ट्राची सभा आहों असें जाहीर केलें, आणि जूनअखेर बाकीचे दोन वर्ग राजाच्या सांगण्यावरून तींत येऊन मिळाले. म्हणजे ४ ऑगस्टला जीं माणसें एका छताखालीं बसलीं होतीं, त्यांस एकत्र बसूं लागून उणेपुरे सहा आठवडे झाले होते. शेजारीं कोण बसला आहे, तो आपल्याविषयीं काय म्हणेल, हें अजून कोणासच नीट ठाऊक नव्हतें. ओळख नवी असली म्हणजे मनुष्य शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे अधिक वेळा पाहतो. त्या रात्रीचा विचार करितांना ही साधी गोष्ट विसरतां कामा नये.

सरदार आणि मठाधिपति यांच्या हातीं जे हक्क होते ते नुसते पैशाचे नव्हते. कुळानें पिकाचा ठराविक भाग द्यावा, धन्याच्याच गिरणींत दळावें, त्याच्याच भट्टींत पाव भाजावा, सांगितलेल्या दिवशीं वेठीस यावें. त्याच्या कबुतरांनीं पेरलेलें बीं टिपलें तरी त्यांस मारूं नये, त्याच्या शिकारीचे ससे शेतांत शिरले तरी त्यांस हात लावूं नये, असे ते नाना प्रकारचे होते. प्रांताप्रांतांत, किंबहुना गांवागांवांत, त्यांचें स्वरूप निराळें असे. धर्मसंस्थेचा दशमांश कर वेगळा. शिवाय चर्चमध्यें पहिलें आसन, गांवच्या न्यायनिवाड्याचा अधिकार, करांतून सूट, असे मानाचे व फायद्याचे प्रकार होतेच. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशीं पहिला बैल कोणाचा यावरून पाटीलकीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या मानपानाची किंमत निराळी सांगावयास नको. अशा गोष्टी मनुष्य पैशापेक्षांहि घट्ट धरून ठेवतो.

मग त्या एका रात्रींत सुटल्या कशा?

याचें उत्तर शोधावयाचें तर व्हर्सायच्या बाहेर, खेड्यांत जावें लागतें. १७८८ सालीं गारपिटीनें व अवर्षणानें पीक बुडालें होतें. १७८९ चा जुलै म्हणजे नवें पीक हातीं येण्यापूर्वींचे उपासाचे दिवस. त्यांत १४ जुलैला पॅरिसमध्यें बॅस्टिलचा किल्ला पडल्याची बातमी पसरली, आणि तिच्या पाठोपाठ एक आवई उठली कीं सरदारांनीं दरोडेखोर भाड्यानें आणले आहेत व ते उभें पीक कापून नेणार आहेत. गांवोगांव घंटा वाजूं लागल्या. लोक कोयते, विळे, जुन्या बंदुका घेऊन वेशीवर जमले. शांपेन प्रांतांत दरोडेखोरांच्या पाठलागावर निघालेल्या मोठ्या जमावास शेवटीं गुरांचा कळप सांपडला. एकट्या शेतकऱ्यानें ती धूळ पाहिली असती तर गुरें चालली आहेत हें त्यानें तात्काळ ओळखलें असतें, कारण गुरांची धूळ त्याच्या जन्माच्या ओळखीची होती; परंतु शेजारचा गांव भीतीनें पळत सुटला आहे असें पाहिल्यावर त्याचाहि आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. झॉर्झ लफेव्र या फ्रेंच इतिहासकारानें १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ही भीति कोणत्या वाटेनें, कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवास पोहोंचली याचा मोठ्या चिकाटीनें माग काढला आहे. दरोडेखोर कोठेंच नव्हते. पण हत्यारें घेऊन जमलेली माणसें तशींच घरीं परतलीं नाहींत. अनेक ठिकाणीं त्यांनीं सरदाराच्या गढीकडे मोर्चा वळविला आणि तेथील दप्तर, ज्यांत कुळांच्या देण्याचे लेख होते तें, अंगणांत आणून जाळलें. दप्तर देण्यास नकार मिळाला तेथें कधीं कधीं गढीहि जळाली.

रोज या जाळपोळीचीं पत्रें व्हर्सायला येऊं लागलीं. सभेपुढें मोठाच पेंच पडला. सैन्य पाठवावें तर तें राजाच्या हातचें. आज शेतकऱ्यांवर चालून गेलेलें सैन्य उद्यां सभेवर वळणार नाहीं याची हमी कोण देणार? स्वस्थ बसावें तर सगळीच मालमत्ता धोक्यांत. आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींतहि जमिनीचे धनी थोडे नव्हते. म्हणून ४ ऑगस्टच्या सायंकाळच्या बैठकीसाठीं जो मसुदा तयार झाला तो अगदींच निराळ्या वळणाचा होता. नवे कायदे होईपर्यंत जुने कायदे लागू आहेत आणि जुनीं देणीं द्यावींच लागतील, असें लोकांस बजावणारा तो ठराव होता. सभा जमली होती ती हक्क राखण्यासाठीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

याच्या आदल्या रात्रीं निराळेंच कांहीं शिजलें होतें. ब्रिटनी प्रांताचे प्रतिनिधि व त्यांचे स्नेही व्हर्सायमधील एका कॉफीगृहांत जमत. त्यांस ब्रेतों क्लब म्हणत, आणि पुढें याच मंडळींतून प्रसिद्ध जॅकोबिन क्लब निघाला. ३ तारखेस रात्रीं तेथें सुमारें शंभर प्रतिनिधि जमले आणि एक बेत ठरला: सरदारवर्गांतीलच कोणी उठून आपले हक्क सोडण्याची सूचना करावी, म्हणजे बाकीच्यांस मागें राहतां येणार नाहीं. या कामीं एग्वियोंच्या ड्यूकची योजना झाली. राजाच्या खालोखाल ज्यांचें सरंजामी उत्पन्न होतें अशा मोजक्या सरदारांत त्याची गणना होई. अर्थात् एवढ्या धनाढ्य मनुष्यानें दिलें तर लहान सरदार कोणत्या तोंडानें नाहीं म्हणणार, हा हिशेब उघड होता. वर्गणीच्या यादींत पहिलें नांव मोठें असावें लागतें.

रात्रीं आठाच्या सुमारास बैठक सुरू झाली. अध्यक्षस्थानीं ले शापलिए होता. हा रेन येथील वकील, आणि ब्रेतों क्लबाच्या संस्थापकांपैकींच एक. मसुदा वाचून होतो न होतो तोंच नोआयचा व्हायकाउंट उठला. हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत लढून आलेला तरुण सेनाधिकारी, लाफायेतचा साडू. घराणें फार मोठें, परंतु धाकटी पाती असल्यामुळें याच्या वांट्यास फारसें कांहीं आलेलें नव्हतें. ड्यूकचा बेत त्याच्या कानीं आला होता आणि मान आपण मिळवावा म्हणून त्यानें घाई केली असें म्हणतात. त्याचें म्हणणें असें कीं लोकांनीं राज्यघटना मागितलेली नाहीं. त्यांनीं ओझें हलकें करण्याची मागणी केली आहे. कर सर्वांनीं सारखा द्यावा, सरंजामी देणीं रोख मोबदला देऊन सोडवून घेण्याची कुळांस मुभा असावी, आणि वेठ व व्यक्तीची गुलामगिरी हीं मोबदल्यावांचून बंद व्हावीं, अशी त्याची सूचना होती. पाठोपाठ एग्वियोंचा ड्यूक उठला. त्यानेंहि तेंच मांडलें, मात्र मोबदला वार्षिक उत्पन्नाच्या तीसपट असावा अशी पुस्ती जोडली. ज्याच्याजवळ थोडें त्यानें सढळ हातानें दिलें, आणि ज्याच्याजवळ पुष्कळ त्यानें तीसपटींचा आकडा लक्षांत ठेवला, यांत अस्वाभाविक असें कांहींच नव्हतें.

येथवर सर्व कांहीं ठरल्याप्रमाणें झालें. यानंतर जें घडलें तें मात्र कॉफीगृहांत कोणीं ठरविलेलें नव्हतें.

ले ग्वेन द केरांगाल नांवाचा ब्रिटनीकडचा एक कापडाचा व्यापारी, आपल्या प्रांताच्या साध्या पेहरावांत, व्यासपीठावर आला. माणसांस जनावरांसारखें गाडीस जुंपण्याचा हक्क सांगणारे, धन्याची झोंप मोडूं नये म्हणून कुळांनीं रात्रभर तळ्यांतील बेडूक हांकीत बसावें असें सांगणारे जुने लेख सभेपुढें आणा, असें तो म्हणाला. हे हक्क प्रत्यक्षांत कितपत बजावले जात हा प्रश्न निराळा. बहुतेक ठिकाणीं ते कागदावरच उरले असावेत. परंतु भरल्या सभेंत ते मोठ्यानें उच्चारले गेले तेव्हां ऐकणाऱ्या सरदारांस आपल्याच दप्तरांतील शब्दांची लाज वाटली. ती लाज त्यांस घरीं, आपल्या दिवाणखान्यांत, कधीं वाटली नव्हती. आणि ते लेख तर पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच पडून होते.

मग एकामागून एक वक्ते उठूं लागले. फूकोल्द नांवाच्या खेडवळ सरदारानें टोला मारला कीं त्याग करावयाचा तर दरबारांतल्या बड्यांनीं आपल्या नेमणुका आधीं सोडाव्यात. बोआर्नेच्या व्हायकाउंटानें अपराधास सर्वांना सारखी शिक्षा आणि नोकऱ्यांत सर्वांना सारखा प्रवेश मागितला. हाच जोसेफाइनचा पहिला पति, जी पुढें नेपोलियनची राणी झाली. कोणीं सरदारी न्यायसभा बंद करण्याची सूचना आणली. नान्सीच्या बिशपनें धर्मसंस्थेच्या जमिनींवरचे सरंजामी हक्क देऊं केले. शार्त्रच्या बिशपनें शिकारीचा हक्क सोडावा असें सुचविलें. आतां शिकार हा बिशपचा धंदा नव्हे. तो सरदारांचा शौक. शातलेच्या ड्यूकनें तेव्हां शेजाऱ्यास म्हटलें कीं बिशपमहाराज आमची शिकार घेतात काय, मग मी त्यांचें कांहींतरी घेतों. आणि उठून त्यानें दशमांश कर मोबदला घेऊन बंद करावा अशी सूचना केली. ही हकीकत फेरिएरच्या मार्क्विसनें आपल्या आठवणींत नमूद केली आहे. टाळ्या दोघांनाहि सारख्याच पडल्या. गरीब पाद्र्यांनीं लग्नकार्यें व अंत्यविधि यांबद्दल मिळणारी आपली किरकोळ दक्षिणा पुढें केली. त्यांच्याजवळ दुसरें होतें काय? व्हिरियच्या काउंटानें कबुतरखाने देऊं केले, आणि त्या रोमन कवीप्रमाणें आपल्याजवळ द्यावयास एक चिमणीच आहे याचें वाईट वाटतें, असा विनोदहि केला. दातृत्वाच्या या पुरांत दुसऱ्याचें दान करण्याची हौस आणि स्वतःचें देण्याची उमेद अशा मिसळून गेल्या कीं कोणाचें पारडें कोठें होतें हें पाहणाऱ्यास सांगतां आलें नसतें. बोलणाऱ्यासहि आलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

व्यक्ति संपल्या तेव्हां प्रांत पुढें आले. दोफिने प्रांताच्या प्रतिनिधींनीं आपल्या प्रांताच्या खास सवलती सोडल्या, ब्रिटनीचे उठले, प्रोव्हांसचे उठले, बर्गंडीचे, लांगदोकचे उठले, मग शहरें. व्यासपीठाभोंवतीं गर्दी झाली, कारण प्रत्येकास आपलें नांव नोंदवावयाचें होतें. कांहींनीं मतदारांच्या संमतीची अट जोडली. प्रवाहास याहून मोठी आडकाठी झाली नाहीं. लोक रडत होते, एकमेकांस मिठ्या मारीत होते.

या गर्दींत एका माणसाचें चित्त ठिकाणावर होतें. तो लाली-तोलांदाल. हें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत अनोळखी नाहीं. वांदिवाशच्या लढाईंत १७६० सालीं इंग्रजांकडून पराभव पावलेला आणि पुढल्या वर्षीं पाँडिचेरी गमावून बसलेला फ्रेंच सेनापति लाली, याचाच हा मुलगा. पराभवाचें खापर सेनापतीच्या माथीं फुटलें. पॅरिसमध्यें त्याच्याविरुद्ध मोठी ओरड उठली आणि १७६६ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. बापावरील कलंक धुऊन काढण्यासाठीं या मुलानें पुढें वर्षानुवर्षें खटपट केली, आणि व्होल्तेरसारख्यानें त्यास साहाय्य केलें. चढलेला लोकसमुदाय काय करितो हें त्याच्या घरानें सोसलें होतें. त्यानें अध्यक्षाकडे एक चिठी सरकविली: सभेंत आतां कोणीच स्वतःच्या ताब्यांत राहिलेला नाहीं, बैठक संपवावी, अशा अर्थाची. ले शापलिएनें ती वाचली आणि बैठक चालूं ठेविली. चिठी लिहिणारा हा गृहस्थ नंतर काय करितो तें पाहण्यासारखें आहे. रात्र सरत आल्यावर तोच उठला, आणि सोळाव्या लुईस फ्रेंच स्वातंत्र्याचा पुनरुद्धारक ही पदवी द्यावी अशी सूचना त्यानें केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रवाहाबाहेर उभें राहून धोक्याची खूण करणारा शेवटीं स्वतःहि पाण्यांत उतरला.

आणखी एक सूचना त्या रात्रीं आली होती. ला रोशफूको घराण्यांतील एका ड्यूकनें वसाहतींतील काळ्या गुलामांची आठवण सभेस करून दिली. ती तशीच राहिली. ज्यांचे धनी व ज्यांच्या श्रमाचे व्यापारी सभेंत होते, पण ज्यांचा स्वतःचा असा एकहि माणूस तेथें नव्हता, त्यांच्यापर्यंत तो पूर पोहोंचला नाहीं. पहाटे दोनच्या सुमारास बैठक उठली.

हें सर्व काय होतें? गुस्ताव्ह ल बों या फ्रेंच लेखकानें १८९५ सालीं समुदायाच्या मनोवृत्तीवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत या रात्रीचा दाखला आहे. त्याचा अभिप्राय असा कीं या सभासदांपैकीं एकेकट्यास विचारलें असतें तर कोणीहि एवढें सोडावयास कबूल झाला नसता. हें पुस्तक फार गाजलें, आणि समुदाय म्हणजे शुद्धि हरपलेलें एक प्रचंड जनावर अशी कल्पना त्यामुळें रूढ झाली. परंतु कागदपत्रें इतकें सरळ बोलत नाहींत. प्रतिनिधि निवडून देतांना मतदारांनीं त्यांच्याबरोबर तक्रारींच्या व मागण्यांच्या याद्या दिल्या होत्या. सरदारवर्गाच्या याद्यांपैकीं बहुतेकांत करांतील सूट सोडण्याची तयारी त्याच वर्षाच्या वसंत ऋतूंत, म्हणजे कोणताहि कैफ चढण्यापूर्वीं, लिहून ठेविलेली आढळते. तेव्हां देण्याची इच्छा समुदायानें शून्यांतून निर्माण केली असें म्हणतां येत नाहीं. थोडी होती ती त्यानें पुष्कळ केली. जी मनांत होती ती जिभेवर आणली.

भीतीचा वांटाहि मोठा होता. फेरिएरचा हा मार्क्विस स्वतः जमीनदार सरदार. त्यानें त्या रात्रीनंतर तीन दिवसांनीं आपल्याकडील एका स्नेह्यास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. सर्वांच्या इच्छेविरुद्ध उभें राहणें निरुपयोगी तर होतेंच, पण धोक्याचेंहि होतें, विरोध करणाराचें नांव व त्याची मालमत्ता लोकांच्या डोळ्यांत भरली असती, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे टाळ्या वाजविणाऱ्या हातांपैकीं कांहीं हात आपली गढी जळूं नये म्हणून वाजत होते. पण त्याच मनुष्याच्या मनांत त्या रात्रीं दुसरें कांहींच नव्हतें असें म्हणावयासहि धजवत नाहीं. एकाच छातींत भीति, ईर्ष्या, लाज आणि उदारपणा एकत्र नांदूं शकतात. समुदाय त्या सर्वांस एकाच वाटेनें बाहेर काढतो, आणि बाहेर पडल्यावर त्या सर्वांचा आवाज एकसारखाच येतो.

या बाबतींत पुढील काळांत कांहीं प्रयोगहि झाले. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखण्याचें अगदीं सोपें काम होतें; परंतु बाकीची मंडळी, आधीं पढवून ठेविलेली, एकमुखानें चुकीचें उत्तर देत. अशा वेळीं एकट्या पडलेल्या मनुष्यानें दिलेल्या उत्तरांपैकीं सुमारें एकतृतीयांश उत्तरें डोळ्यांना धडधडीत खोटें दिसत असतांहि मंडळींच्या बाजूनें पडलीं. मात्र मंडळींतील एकानें जरी खरें उत्तर दिलें तरी हा परिणाम पुष्कळच ओसरे. चार ऑगस्टच्या सभेंत तो एक कोणीहि झाला नाहीं. लालीनें जें मोठ्यानें बोलावयास हवें होतें तें चिठींत लिहिलें. मिराबोसारखा, ज्याच्या आवाजानें सभा थांबली असती, असा वक्ता त्या रात्रीं सभागृहांतच नव्हता.

मग दिवस उजाडला. ५ ऑगस्टपासून ११ ऑगस्टपर्यंत तीच सभा, तींच माणसें, त्या रात्रीच्या शब्दांस कायद्याचें रूप देत बसलीं. सूचना रात्रीं टांचून ठेविल्या होत्या; आतां एकेका कलमावर वाद सुरू झाला. उघडपणें माघार कोणीहि घेतली नाहीं, कारण सर्वांदेखत दिलेलें सर्वांदेखत परत मागण्याची लाज मोठी असते. परंतु कलम लिहितांना हात आखडतो. अंतिम हुकुमाचें पहिलेंच वाक्य असें निघालें कीं राष्ट्रसभा सरंजामशाही संपूर्णपणें नष्ट करीत आहे; आणि त्याला लागूनच भेद आले. माणसाच्या गुलामीपासून निघालेले हक्क मोबदल्यावांचून बंद, परंतु जमिनीवरचीं देणीं विकत सोडवून घ्यावयाचीं, आणि सोडवीपर्यंत भरीत राहावयाचें. शेतकऱ्याच्या खांद्यावर खरें वजन होतें तें या दुसऱ्या प्रकाराचें. १७९० च्या मे महिन्यांत मोबदल्याचा दर ठरला: रोख देण्यास वीसपट, धान्यरूपी देण्यास पंचवीसपट. आणि आपण देणें लागत नाहीं हें सिद्ध करण्याचा बोजा मार्चच्या कायद्यानें बहुतांशीं कुळावरच टाकला होता.

तरीहि त्या आठवड्यांत सर्व हात आखडलेलेच होते असें नाहीं, आणि येथें गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. दशमांश कर त्या रात्रीं मोबदला घेऊन सुटावयाचा होता. दिवसाच्या वादांत मोबदलाच गेला. आबे सियेस यानें हरकत घेतली कीं यामुळें जमीनमालकांस फुकटचें दान मिळतें, आणि स्वतंत्र होऊं इच्छिणाऱ्यांस न्यायी कसें व्हावें हें कळत नाहीं. तर्क बिनतोड होता. कोणीं फारसा ऐकला नाहीं. अखेर पाद्री एकामागून एक दशमांश सोडल्याचें जाहीर करूं लागले, आणि ११ तारखेस पॅरिसच्या आर्चबिशपनें सर्वांच्या वतीनें तो राष्ट्राच्या स्वाधीन केला. म्हणजे सरदारांचीं देणीं दिवसाउजेडीं जपलीं गेलीं, आणि धर्मगुरूंचें दिवसाउजेडींच अधिक गेलें. बहुसंख्यांच्या घरांत काय होतें आणि काय नव्हतें, हें पाहिलें म्हणजे दोहोंचाहि उलगडा होतो. रात्रीचा आवेश हाच काय तो समुदायाचा परिणाम आणि दिवसाची बैठक म्हणजे निर्मळ विवेक, ही समजूत म्हणूनच टिकत नाहीं. टेबलाभोंवतीं बसलेली पंधरा माणसांची समिति हाहि समुदायच. फक्त तींत कोणी रडत नाहीं.

राजानेंहि हात आखडला. आपल्या धर्मगुरूंस व सरदारांस लुबाडूं देण्यास आपण कधींहि संमति देणार नाहीं, असें त्यानें आर्लच्या आर्चबिशपला लिहिलें, आणि हुकुमास मंजुरी देण्याचें लांबणीवर टाकलें. ऑक्टोबरच्या ५ तारखेस पॅरिसच्या बायकांचा प्रचंड जमाव भाकरी मागत व्हर्सायला येऊन धडकला तेव्हां त्यास नमावें लागलें.

हे सर्व बारकावे खेड्यांत कोणास सांगावयाचे? तेथें पोहोंचलें तें हुकुमाचें पहिलें वाक्य. सरंजामशाही संपूर्ण नष्ट झाली, एवढें शेतकऱ्यांनीं ऐकलें; पुढील कलमें ऐकण्याचें त्यांस कारण नव्हतें. एकट्या कुळानें खंड थकविला असता तर त्यास कचेरींत खेंचतां आलें असतें. सगळा गांव देत नाहीं म्हटल्यावर कोणास खेंचणार? कित्येक प्रांतांत देणीं थकलीं, वसुलीस गेलेल्यांस हुसकावून लावण्यांत आलें, पुन्हां दंगे झाले. सभेनें तंबी दिली, समजावून सांगणारीं पत्रकें काढलीं. उपयोग झाला नाहीं. २५ ऑगस्ट १७९२ च्या कायद्यानें पुराव्याचा बोजा उलटा सरदारावर आला: मूळ लेख दाखवा, नाहीं तर हक्क बुडाला. ज्यांचीं दप्तरें तीन वर्षांपूर्वीं अंगणांत जळालीं होतीं त्यांनीं लेख कोठून आणावा? आणि १७ जुलै १७९३ रोजीं कन्व्हेन्शननें उरलेलीं सरंजामी देणीं मोबदल्यावांचून रद्द केलीं व उरलेले लेख जाळण्याचा हुकूम काढला. त्या रात्रीं टाळ्यांच्या गजरांत जें बोललें गेलें, आणि दुसऱ्या दिवसापासून कलमांनीं जें पुष्कळसें परत घेतलें गेलें, तें अशा रीतीनें जवळजवळ चार वर्षांनीं, बोलणाऱ्यांच्या अपेक्षेहून कितीतरी अधिक पुरें झालें. वसाहतींतील गुलामांस फेब्रुवारी १७९४ पर्यंत थांबावें लागलें. १८०२ मध्यें नेपोलियननें त्यांचें स्वातंत्र्य पुन्हां हिरावून घेतलें, आणि फ्रेंच मुलुखांत गुलामगिरी कायमची गेली ती १८४८ सालीं.

त्या रात्रीच्या मंडळींपैकीं अनेकांचा शेवट वाईट झाला. एग्वियोंचा ड्यूक देशोधडीस लागून १८०० सालीं हॅम्बुर्गला वारला. शातलेचा ड्यूक १७९३ मध्यें व बोआर्ने १७९४ मध्यें गिलोटिनखालीं गेला. नोआय अमेरिकेस निघून गेला होता; त्याच्या मागें १७९४ सालीं त्याचे आईबाप व बायको यांचीं डोकीं उडविलीं गेलीं. तो स्वतः १८०४ मध्यें इंग्रजांशीं झालेल्या समुद्रावरील झटापटींत जखमी होऊन हवाना येथें मरण पावला. लाली तेवढा म्हातारा होऊन १८३० सालीं पॅरिसला वारला.

आणि ले शापलिए? ज्यानें ती चिठी वाचून बाजूस ठेविली, त्यानें पुढें १७९१ च्या जूनमध्यें कामगार व कारागीर यांनीं संघ करून मजुरी ठरविण्यास बंदी करणारा कायदा मंजूर करून घेतला. तो त्याच्याच नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या २९ तारखेस, सभेचें आयुष्य संपावयास एक दिवस उरला असतां, राजकीय क्लबांनीं मंडळ म्हणून सार्वजनिक कारभारांत हात घालूं नये असा अहवाल त्यानें मांडला. कॉफीगृहांत जमून काय करितां येतें हें त्याच्याइतकें थोड्यांसच ठाऊक होतें. रोबेस्पिएरनें त्यास कडाडून विरोध केला. अहवाल मंजूर झाला, पण क्लबांनीं तो मानला नाहीं. आणि २२ एप्रिल १७९४ रोजीं पॅरिसमध्यें जमलेल्या लोकांदेखत ले शापलिएचा शिरच्छेद झाला.